सॉफ्ट स्किल बघून स्टाफ देणारी प्लेसमेंट सर्व्हिस, इंदूर : पाचपैकी साडेतीन

आधीच सांगून टाकते, साडेतीन स्टार देतेय आणि ते जवळजवळ सगळे त्यांच्या दुसऱ्या खेपेच्या कामाचे आहेत, पहिल्या खेपेनंतर लिहायला बसले असते तर एकाच्या वर गेले नसते. ऑफिस विजयनगर साइडला आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही कारण तक्रारीपण बऱ्याच आहेत आणि ज्या मॅडमनी शेवटी मनापासून काम केलं त्यांच्या नोकरीवर काही येऊ नये असं मला वाटतं. पण छोट्या दुकानदारांना, क्लिनिकवाल्यांना, बुटीकवाल्यांना हा अनुभव उपयोगी पडेल म्हणून सगळं सविस्तर लिहितेय, कारण आजकाल प्रत्येक प्लेसमेंटवाला "सॉफ्ट स्किल टेस्टेड कॅंडिडेट" म्हणून माणसं विकतोय आणि ते नक्की काय टेस्ट करतात हे कोणी विचारतच नाही.

आमचं राजवाड्याजवळ चष्म्याचं दुकान आहे, सासऱ्यांनी सुरू केलेलं. नंबर काढायला ऑप्टोमेट्रिस्ट आहेत, काच घासायला, फिटिंगला जुने कारागीर आहेत, अडचण होती ती काउंटरची. आणि ज्यांना वाटतं की चष्म्याच्या काउंटरवर काय, फ्रेम दाखवायची आणि पैसे घ्यायचे, त्यांनी एकदा प्रोग्रेसिव्ह काच विकून बघावी. चाळिशीनंतर जवळचं दिसेनासं होतं, मग दूर-जवळ दोन्ही एकाच काचेत पाहिजे, मधे बायफोकलसारखी रेघ नको, म्हणून लोक प्रोग्रेसिव्ह घेतात. वरच्या भागातून लांबचं, खालून वाचायचं, मधल्या पट्टीतून हातभर अंतरावरचं. पण दोन्ही कडांना थोडं धूसर राहतंच, त्यामुळे बाजूला बघताना नुसते डोळे फिरवून चालत नाही, मान वळवावी लागते, जिना उतरताना हनुवटी खाली घ्यावी लागते, आणि डोळ्यांना सवय व्हायला काही दिवस, कोणाला दोन आठवडेसुद्धा लागतात. हे जर काउंटरवरच्या माणसाने आधी नीट, धीराने सांगितलं नाही ना, तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येऊन चष्मा काउंटरवर ठेवतं आणि म्हणतं चक्कर येते, पैसे परत द्या. ती काच दुसऱ्या कोणाला लागत नाही, त्या माणसाचा नंबर, बाहुल्यांमधलं अंतर, फ्रेममधली उंची सगळं मोजून बनवलेली असते, ती सरळ नुकसानीत जाते.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे विचारणं. समोरचा माणूस काय काम करतो, किती अंतरावर बघतो हे विचारलं नाही तर नंबर बरोबर असूनही चष्मा चुकीचा बनतो. सीतलामाता बाजारातला कटिंग मास्टर दिवसभर उभा राहून टेबलावरचं कापड बघतो, त्याचं अंतर पुस्तक वाचणाऱ्याचं नाही. बँकेतला कॅशिअर, दोन स्क्रीन लावून बसणारा सुपर कॉरिडॉरवरचा आयटीवाला, पोथी मांडीवर घेऊन वाचणाऱ्या आजी, प्रत्येकाचं वेगळं. हे सगळं गिऱ्हाईक आपणहून सांगत नाही, ते काढून घ्यावं लागतं, आणि काढून घ्यायला समोरच्यात खरा रस असावा लागतो. मला हवं असलेलं सॉफ्ट स्किल हे होतं. ऐकणं, विचारणं, सोपं करून सांगणं, आणि रागावलेल्या माणसासमोर उभं राहता येणं.

आता सर्व्हिसबद्दल. पहिल्यांदा फोनवर रिक्वायरमेंट घेतली, तो सगळा कॉल पाच-सात मिनिटांत आटोपला. त्या मुलाकडे छापील फॉर्म होता, कम्युनिकेशन चांगलं पाहिजे का, प्रेझेंटेबल पाहिजे का, टीम प्लेअर पाहिजे का, प्रेशर हॅंडल करता आलं पाहिजे का. आता याला नाही कोण म्हणणार. मी काउंटरचं काम समजावून सांगायला लागले तर म्हणे मॅडम टेन्शन नका घेऊ, आमचे सगळे कॅंडिडेट सॉफ्ट स्किलमध्ये स्क्रीन होऊनच येतात. व्हॉट्सअ‍ॅपवर बायोडेटा आले, प्रत्येकाबरोबर एक स्कोअर शीट, कॉन्फिडन्स, बॉडी लॅंग्वेज, इंग्लिश फ्लुएन्सी, ग्रूमिंग, अ‍ॅटिट्यूड, प्रत्येकाला पाचपैकी मार्क. ऐकण्याला एकही कॉलम नव्हता. मला तेव्हाच खटकलं आणि मी तसं कळवलंही, पण उत्तर आलं की स्टॅंडर्ड फॉरमॅट आहे.

जी मुलं आली ती वाईट होती असं मी अजिबात म्हणणार नाही, त्यांच्यावर राग नाही माझा. भंवरकुव्याकडे गल्लीगल्लीत कोचिंग आहे, त्यात पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचे क्लासही चालतात, तिथून बरीचशी तयार होऊन आलेली. हात मिळवणं, सरळ बसणं, डोळ्यात बघून बोलणं सगळं व्यवस्थित. पण तुमचा वीक पॉइंट काय विचारलं की प्रत्येकाचं उत्तर एकच, मी परफेक्शनिस्ट आहे, काम पूर्ण झाल्याशिवाय घरी जात नाही. पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता, तर याच कंपनीत सीनियर पोस्टवर. घोकून आलेली मुलं ती, आणि प्रश्नच असे की घोकता येतात. यातून मला माणूस कळणार कसा, आणि त्या बिचाऱ्या मुलांना तरी स्वतःचं काही दाखवायची संधी कुठे मिळाली?

सगळ्यात जास्त मार्क असलेल्या मुलाला मी अर्धा दिवस दुकानात बसवलं, पैसे देऊन. फुकट ट्रायल घेणं मला पटत नाही, कोणाचाही अर्धा दिवस फुकटचा नसतो. त्याच दुपारी सांवेरकडच्या एक म्हाताऱ्या बाई तयार चष्मा घ्यायला आल्या, सोबत नातू होता तो बाहेर गाडीपाशी. चष्मा घातला की आम्ही वाचायचं कार्ड देतो, खालची ओळ दिसते का बघायला. त्याने कार्ड दिलं आणि म्हणाला, पढ़ के बताइए माताजी. त्या गप्प. परत म्हणाला, जरा मोठ्याने, की ऐकू आलं नसेल. त्या कार्डाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, दिखे तो है. तो म्हणाला, तो पढ़िए ना. दुकानात चार माणसं उभी होती. अक्षरओळख नसलेल्या बाईला सगळ्यांसमोर दोनदा वाचायला सांगितलं गेलं आणि त्या मुलाच्या शेवटपर्यंत लक्षात आलं नाही, तो आपला हसतमुखाने कार्ड धरून उभा. मी मधे पडले, बाईंना आत घेऊन बसवलं. मुलगा सभ्य होता, एक शब्द वावगा बोलला नाही, पण समोरच्याच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते त्याला वाचता येत नव्हतं, आणि त्याच्या शीटवर कम्युनिकेशनला पाचपैकी पाच होते.

त्यानंतर मी ऑफिसला फोन करून स्पष्ट सांगितलं की अशा मार्कांचे मी पैसे देणार नाही. दोन दिवस टोलवाटोलवी केली (हे मार्क कापण्याचं पहिलं कारण), मग एका सीनियर मॅडमचा फोन आला आणि त्यांनी जे विचारलं ते पहिल्या दिवशीच विचारायला हवं होतं. त्या म्हणाल्या, मी तुमच्या दुकानात येऊन एक दुपार बसते, चालेल का.

आल्या, कोपऱ्यात स्टुलावर बसल्या, चहासुद्धा तिथेच घेतला. काही बोलल्या नाहीत, नुसतं लिहीत होत्या. गिऱ्हाईक आल्यावर पहिलं वाक्य कोण बोलतं, भाव जास्त वाटला की माणूस काय करतो, नवरा-बायकोचं फ्रेमवरून जमत नसेल तर काउंटरवरचा कोणाकडे बघून बोलतो, कारागिराने उशीर केला तर गिऱ्हाईकाला काय सांगितलं जातं. जाताना मला विचारलं की तुमच्याकडे आतापर्यंत जो सगळ्यात चांगला माणूस होता तो नेमकं काय करायचा, "चांगला" म्हणू नका, करायचा काय ते सांगा. मी सांगितलं की एक काका होते, ते उधारीवाल्याशीसुद्धा आवाज न चढवता बोलायचे, आणि माहीत नसेल तर थाप मारायचे नाहीत, थांबा विचारून येतो म्हणायचे. ते सगळं त्यांनी लिहून घेतलं आणि त्यातूनच प्रश्न काढले.

हे प्रश्न मी इथे देतेय कारण कोणालाही वापरता येतील. मागच्या कामात एखादं गिऱ्हाईक तुमच्यावर चिडलं असेल ती एक वेळ सांगा, तो काय म्हणाला, तुम्ही काय म्हणालात, मग काय झालं. तुम्हाला न येणारं काम अंगावर आलं तेव्हा काय केलंत. सोबतच्याची चूक तुमच्या नावावर आली असं कधी झालं का, तेव्हा मालकाला काय सांगितलंत. आणि एक करून दाखवायचं, ही बायफोकल आणि ही प्रोग्रेसिव्ह, यातला फरक मी दहा मिनिटं तुम्हाला सांगते, मग तुम्ही तो माझ्या सासूबाईंना सांगा. नोकरीच पहिली असेल तर शाळा-कॉलेजातलं, घरातलं, गल्लीतल्या गणपतीच्या मंडळातलं उदाहरण चालेल, हेही त्यांनी स्वतःहून टाकलं, नाहीतर फ्रेशर मुलं मार खातात. सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, आणि मी आणि हे (माझे मिस्टर) दोघांनी आपापल्या कागदावर मार्क द्यायचे, मुलाखत चालू असताना एकमेकांशी बोलायचं नाही, नंतर ताळा करायचा. आमच्या दोघांच्या मार्कांत जिथे जास्त फरक आला तिथे परत बोलायचं, का दिले, काय ऐकून दिले.

मला हे आधी जरा जास्तच वाटलं, एका काउंटरच्या माणसासाठी एवढं कशाला. पण माझा भाचा पुण्यात एचआरमध्ये आहे, त्याला सांगितलं तर तो म्हणाला मावशी अगदी बरोबर करतायत त्या. त्याने सांगितलेलं लिहिते. 1998 मध्ये फ्रॅंक श्मिट आणि जॉन हंटर यांनी भरतीच्या पद्धतींवरचं 85 वर्षांचं संशोधन एकत्र करून बघितलं की कोणत्या पद्धतीने माणूस पुढे काम कसं करेल याचा अंदाज बरोबर येतो. 0 म्हणजे काहीच संबंध नाही आणि 1 म्हणजे तंतोतंत, असं धरलं तर प्रश्न ठरवून सगळ्यांना सारखी घेतलेली मुलाखत 0.51 वर आली आणि मनाला येईल तशी गप्पा मारून घेतलेली 0.38 वर, नुसती अनुभवाची वर्षं मोजली तर 0.18. पुढे 2022 मध्ये पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच गणित जास्त काटेकोरपणे केलं, बहुतेक आकडे खाली आले, पण ठरवून घेतलेली मुलाखत 0.42 वर राहिली आणि मनाला येईल तशी 0.19 वर घसरली. म्हणजे मी चेहरा बघून माणूस ओळखतो म्हणणारे आपल्या बाजारात जे शेठ लोक आहेत त्यांनी हे जरूर वाचावं. आणि 0.42 म्हणजेसुद्धा खात्री नाहीच, म्हणूनच अर्ध्या दिवसाची ट्रायल मी सोडली नाही.

तर दुसऱ्या खेपेत एक मुलगी आली, देपालपूरकडची, इथे राजेंद्रनगरला मावशीकडे राहते. जुन्या शीटवर तिला कॉन्फिडन्सला 2, इंग्लिशला 1. पहिल्या खेपेत तिचा बायोडेटा माझ्यापर्यंत आलाच नव्हता, त्यांच्याच चाळणीत खाली राहिला होता, हे मला नंतर कळलं आणि फार वाईट वाटलं. मुलाखतीत हळू बोलली, पण चिडलेल्या गिऱ्हाईकाचं विचारल्यावर मेडिकल स्टोअरमधला किस्सा असा सांगितला की एक एक वाक्य डोळ्यासमोर उभं राहिलं. औषधाचा ब्रॅंड बदलून दिला म्हणून एक काका भांडायला आले होते, हिने आधी त्यांचं सगळं ऐकून घेतलं, मग दोन्ही पाकिटं शेजारी ठेवून त्यांनाच आतल्या औषधाचं नाव वाचायला लावलं, आणि तरी मनाला पटत नसेल तर जुनाच ब्रॅंड संध्याकाळपर्यंत मागवून देते म्हणाली. मालकाला काय सांगितलंस विचारलं तर म्हणे, सांगितलं की आपण बदलताना आधी बोलायला पाहिजे होतं. मालकाला तोंडावर हे सांगणारी मुलगी मला लगेच आवडली. आमच्या ह्यांनी तिथे कमी मार्क दिले होते, उलट बोलणारी वाटली त्यांना, त्यावर आमची बरीच चर्चा झाली आणि शेवटी त्यांनीच मान्य केलं की मागे एका मुलाने चूक लपवली होती तेव्हा केवढं नुकसान झालं होतं.

ट्रायलच्या दिवशी योगायोगाने तसंच एक गिऱ्हाईक आलं. गावाकडचे आजोबा, डोक्यावर पागोटं, जवळचा चष्मा घ्यायला आलेले. तिने वाचायचं कार्ड उचललं, त्यांच्या हातात दिलंच नाही, आधी मालवीत, म्हणजे इकडच्या गावाकडच्या बोलीत, विचारलं की घरी काय काय करता, शेतात जाता का अजून. ते म्हणाले आता बी निवडून देतो, बसल्या बसल्या. तिने कार्ड खाली ठेवलं आणि कारागिराच्या टेबलावरची स्क्रूची ट्रे आणली, त्यात नोज पॅडचे, कांडीचे बारीक बारीक स्क्रू एकत्र पडलेले असतात, ती त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हणाली, यातले सगळ्यात बारीक बाजूला काढून द्या बघू. आजोबांनी चष्मा लावला, मान जराशी मागेपुढे केली, आणि बोटाने एक एक स्क्रू सरकवत बाजूला काढायला लागले. दोन मोठे चुकून आले ते स्वतःच परत टाकले. मग चष्मा काढून काढायला सांगितले, जमेना, परत लावला, जमायला लागलं, आणि त्यांच्या तोंडावर जो आनंद आला तो बघण्यासारखा होता. कोणी शिकवलं तुला हे विचारलं, तर म्हणे कोणी नाही, वाचता येत असतं तर कार्ड दिसल्यावर त्यांनी हात पुढे केला असता. आमचे ऑप्टोमेट्रिस्ट आतून बघत होते, त्यांनी बाहेर येऊन मला खुणेने सांगितलं की हिला सोडू नका.

त्याच दिवशी एकाने तिला काचेवरच्या ब्लू कट कोटिंगबद्दल विचारलं, तिला काहीच माहीत नव्हतं, सरळ म्हणाली मला माहीत नाही, एक मिनिट थांबा, विचारून सांगते, आणि विचारून आली. मला तेवढंच पाहिजे होतं. बाकी काचा-कोटिंगचं ज्ञान महिन्या-दोन महिन्यांत येतं.

आता तक्रारी, आणि या गंभीर आहेत. एक तर ती ग्रूमिंगची आणि "प्रेझेंटेबल" ची कॉलम. खोदून विचारल्यावर त्यात रंग, उंची, कपडे हेच निघतं, त्याला सॉफ्ट स्किल म्हणणं चूक आहे आणि मी तसं लेखी कळवलंय. स्वच्छ कपडे, वेळेवर येणं हे सांगून होतं, त्याला मार्क कशाला. दुसरं, त्यांचा फोनवाला मुलगा मुलींना "स्टॅबिलिटी" च्या नावाखाली लग्न कधी करणार, घरचे किती दिवस नोकरी करू देतील असं विचारतो. त्या मुलीनेच मला सांगितलं. मुलांना हे कोणी विचारत नाही. मला हे अजिबात चाललं नाही, मी सीनियर मॅडमना फोन करून बोलले, त्यांनी माफी मागितली, पण फॉर्ममधून तो प्रश्न खरंच काढला की नाही हे पुढच्या कोणी विचारून घ्यावं. "कल्चर फिट" नावाचंही एक खानं आहे, त्याचा अर्थ कोणालाच सांगता आला नाही, मी ते कोरंच ठेवायला लावलं, कारण अशा खान्यात शेवटी आडनाव आणि आपल्यातला-परका एवढंच भरलं जातं.

यावरून आपल्याच लोकांबद्दलपण थोडं बोलते. मी माणूस शोधतेय कळल्यावर रामबागेतून, लोकमान्य नगरातून किती फोन आले की आपला मराठी मुलगाच घे, आपल्याशी आपल्या भाषेत बोलेल. भावना मला समजते, आपल्या मुलांना काम मिळावं असं मलाही मनापासून वाटतं, मराठी मुलं मुलाखतीला बोलावलीही होती, सगळ्यांना तेच प्रश्न विचारले. पण माझ्या काउंटरवर मराठी आज्या येतात, सिंधी काकू येतात, आणि सांवेर, देपालपूर, हातोदची मालवी बोलणारी माणसं तर रोजच. माणसाला त्याच्या बोलीत "कसं काय" विचारलं की तो अर्धा मोकळा होतो, हे राजवाड्याच्या बाजारात पिढ्यानपिढ्या दुकान चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. ही मुलगी आमच्याकडे लागल्यापासून "बसा, पाणी देऊ का" एवढं मराठी शिकलीये आणि आमच्या आज्या तिच्यावर खूश आहेत.

रेफरन्स चेक करतो म्हणतात, ते नुसतं नावाला. मागच्या मालकाला फोन करून मुलगा कसा होता विचारायचं, तो म्हणतो चांगला होता, संपलं. मी मेडिकलवाल्यांना स्वतः फोन केला आणि विचारलं की ती परत आली तर घ्याल का, आणि कोणत्या कामावर ठेवाल. ते लगेच म्हणाले काउंटरवर ठेवीन, हिशोबावर नाही, बेरजेत घाई करते. हे कळलं म्हणून पहिल्या दिवसापासून कॅशला दुसरं माणूस बसवलं, कोणालाच त्रास झाला नाही.

त्यांचं एक दिवसाचं सॉफ्ट स्किल ट्रेनिंगचं पॅकेज आहे, स्टाफला ऑफिसमध्ये पाठवा, स्माईल, ग्रीटिंग, टेलिफोन मॅनर्स शिकवतो. मी घेतलं नाही आणि तुम्हालाही घ्या म्हणणार नाही. सॉफ्ट स्किल शिकवता येत नाही असं माझं म्हणणं नाही, उलट आहे. बेंगळुरूच्या शाही एक्सपोर्ट्सच्या शिलाई कारखान्यांमध्ये बायकांना संवाद, वेळेचं नियोजन, अडचण सोडवणं असं शिकवलं आणि त्याचा व्यवस्थित अभ्यास झाला, काही जणींना चिठ्ठ्या टाकून ट्रेनिंग दिलं आणि काहींना नाही, आणि शिकलेल्यांचं शिलाईचं काम इतकं सुधारलं की ट्रेनिंग संपल्यावर आठ महिन्यांत कंपनीला खर्चाच्या अडीचशे टक्क्यांच्या वर परतावा मिळाला. शिलाई मशीनवर बसणाऱ्या बाईला कोणाशी गोड बोलायचं नसतं, तरी फरक पडला. पण ते ट्रेनिंग 80 तासांच्या आसपासचं होतं आणि महिनोन्‌महिने चाललं होतं. एका दिवसात स्माईल शिकवून काय होणार? त्यापेक्षा आम्ही रोज दुकान उघडायच्या आधी पंधरा मिनिटं बसतो, काल कोण गिऱ्हाईक नाराज गेलं, का गेलं, कोण काय म्हणालं, एवढंच बोलतो, मालकसुद्धा त्यात बसतो आणि मालकालाही बोललं जातं. कारण आपणच स्टाफवर गिऱ्हाईकासमोर खेकसायचं आणि त्यांनी मात्र नम्र राहायचं हे होत नाही, चार महिन्यांत चांगलं माणूस सोडून जातं आणि मग आपण म्हणतो आजकालची मुलं टिकत नाहीत.

पैशांचं लिहिते. फी वर्षाच्या पगाराच्या 8.33 टक्के, म्हणजे एक महिन्याचा पगार, वर 18 टक्के जीएसटी. इंदूरात साधारण हाच रेट चालतो, जास्त नाही आणि कमीही नाही. फी माणूस रुजू झाल्यावर द्यायची, आधी रजिस्ट्रेशनच्या नावाने काही मागितलं तर देऊ नका, आम्हाला मागितलं होतं, नाही म्हटल्यावर सोडून दिलं. 90 दिवसांत माणूस सोडून गेलं तर दुसरं देतात, पैसे परत देत नाहीत, हे अ‍ॅग्रीमेंटमध्ये बारीक अक्षरात शेवटच्या पानावर आहे. आणि कॅंडिडेटकडून काही घेत नाहीत ना हे त्या मुलामुलींना बाजूला घेऊन जरूर विचारा, काही प्लेसमेंटवाले दोन्हीकडून घेतात. यांनी घेतलं नव्हतं, त्याचा अर्धा स्टार मी मुद्दाम जास्त दिलाय.

ज्यांना यांच्याकडे जायचंच आहे त्यांना एवढंच सांगेन की फोनवर रिक्वायरमेंट देऊ नका, दुकानात येऊन बघा असं पहिल्याच कॉलला सांगा, आणि सीनियर मॅडमच पाहिजेत असा आग्रह धरा. शीट त्यांची नको, आपली पाठवा. चाळणीत खाली राहिलेले बायोडेटासुद्धा मागवून घ्या, नाही म्हणतात पण दिले. गेर (रंगपंचमीची मिरवणूक) आणि दिवाळीच्या आठवड्यात कोणी फोन उचलत नाही. जीएसटीचं पक्कं बिल मागितल्याशिवाय येत नाही, मला अजून मिळायचंय, मिळालं की इथेच अपडेट करते.